पाणी बदललं की दोन दिवसांत परत पांढरं, मासे वर येऊन तोंड उघडायलेत : बेळगावकडच्या टँकवाल्यांसाठी

वर्षभर हा प्रश्न येतच असतो, पावसाळा लागला की जरा जास्तच. टँक घासूनपुसून चकाचक केला, खडे धुतले, नवीन पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत बघत बसावं असं दिसतंय, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर पाणी दुधाळ, मासे वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करायलेत, एखादा कोपऱ्यात आडवा पडलेला. मग परत सगळं पाणी काढायचं, परत खडे धुवायचे आणि परत तेच. बेळगावात विचारा, खानापुरात विचारा, निपाणी-चिकोडीला विचारा, सगळीकडं हीच तक्रार, फक्त पाणी वेगळं असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवायलोय.

सुरुवातीलाच सांगतो, कारण हे चटकन पटत नाही. पाणी खराब होतंय ते टँक कमी साफ केल्यामुळं नाही, जास्त साफ केल्यामुळं. दर वेळी तुम्ही घाणीबरोबर पाणी साफ ठेवणारी सगळी वस्तीच धुवून टाकता.

म्हणजे कसं ते बघा. मासा जे खातो त्याचा अमोनिया होतो आणि तो बराचसा कल्ल्यांतनं सरळ पाण्यात सुटतो, शिवाय उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी तयार होतो. अमोनिया माशाला विष आहे, पाणी कितीही स्वच्छ दिसत असू दे. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर (फिल्टरमध्ये घालायच्या बारीक भोकांच्या कड्या), खड्यांवर जे बॅक्टेरिया बसलेले असतात त्यातला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटसुद्धा विषच, माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच घालवतं, म्हणून मासा हवा चालू असूनसुद्धा गुदमरल्यासारखा करतो आणि कल्ले तपकिरी दिसायला लागतात. नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते आठवड्याच्या पाणी बदलण्यात निघून जातं. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी असं बहुतेकांना वाटतं, पण गाळणं हे त्याचं दुय्यम काम, मुख्य काम हे.

आता गंमत इथंच आहे. हे कामाचे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना पाऊण-एक दिवस लागतो, म्हणून नवीन टँकमध्ये ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे जातात. आणि पाणी दुधाळ करणारे जे दुसरे बॅक्टेरिया असतात, पाण्यात विरघळलेल्या खाण्यावर आणि घाणीवर जगणारे, ते सोयीचं असेल तर तासाभरात दुप्पट होतात. तुम्ही सगळं धुतलं की दोघंही शून्यावर, मग शर्यत कोण जिंकणार सांगा बघू. ते पांढरं पाणी म्हणजे तेच, आणि ते पाण्यातला ऑक्सिजन पण खाऊन टाकतात. ते बघून तुम्ही परत धुता, आणि सावकाश वाढणाऱ्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करायला लावता.

शहापुरात एका ओळखीच्या काकांच्या घरी गेलेलो, दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, वर टॉप फिल्टर, सगळं व्यवस्थित. काका म्हणाले, "मी तर दर रविवारी सगळं करतो ओ, एक रविवार चुकवत नाही, तरी मासे टिकंनात." मागच्या दारी गेलो तर तारेवर कपड्यांच्या रांगेत चिमटा लावून फिल्टरचा स्पंज वाळत घातलेला, पांढराशुभ्र, हात लावला तर कडक झालेला, आणि वास साबणाचा. एवढं प्रामाणिकपणे करणारा माणूस आणि नेमकं तेच माशांच्या मुळावर आलेलं. नळाचं क्लोरीनचं पाणी, साबण आणि वर कडक ऊन, यातनं एकही बॅक्टेरिया जगत नाही. साबणाचा अंश तर स्पंजमधनं कितीही पिळला तरी पूर्ण निघत नाही, त्यामुळं तो स्पंज टाकूनच द्यायला लावला.

स्पंज धुवायचा कसा ते नीट सांगतो, कारण निम्मे टँक एवढ्यावरच सुधारतात. पाणी बदलायच्या दिवशी टँकमधनं जे पाणी काढता तेच अर्धी बादली बाजूला ठेवा. फिल्टर बंद करून स्पंज काढा आणि त्या बादलीत बुडवून तीन-चार वेळा दाबा, पाणी एकदम चॉकलेटी होईल, होऊ दे. बास. पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळायचं नाही, स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे, फक्त त्यातनं पाणी मोकळं वाहिलं म्हणजे झालं. वास घेऊन बघा, ओल्या मातीसारखा वास आला तर फिल्टर उत्तम चाललाय, सडक्या अंड्यासारखा आला तर आत कुठंतरी पाणी तुंबलंय. सिरॅमिक रिंग असतील तर त्या त्याच बादलीत नुसत्या हलवून घ्या, तेही दोन-तीन महिन्यातनं एकदा. गाळायची कापसासारखी पांढरी वूल चोंदली की बदला, पण ज्या दिवशी वूल बदलता त्या दिवशी स्पंजला हात लावू नका आणि खडे पण खालवर करू नका. एका वेळी एकच काम.

आणि फिल्टर रात्री बंद करायचा नाही. ही सवय आपल्याकडं लई घरात आहे, आवाज येतो म्हणून, नाहीतर करंट जळतो म्हणून. दोन फुटी टँकचा फिल्टर ८ वॅटचा धरला तर दिवसरात्र चालून महिन्याला सहा युनिटसुद्धा होत नाहीत. रात्रभर बंद ठेवला की स्पंजमधल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही, ते मरायला लागतात, सकाळी चालू केला की ती सगळी घाण माशांच्या अंगावर. ज्यांचे मासे पहाटे-सकाळी वर आलेले दिसतात त्यांनी आधी हेच तपासावं.

आता पाण्याकडं येऊ. शहरात आपल्याला राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी येतं, आणि बऱ्याच भागात ते रोज येत नाही, म्हणून ज्या दिवशी येतं त्या दिवशी घाईत सगळं भरून घ्यायचं, त्यातच टँक पण. पाइप नळाला लावून थेट टँकमध्ये सोडणारे मी बघितलेत. त्या पाण्यात क्लोरीन ताजा असतो, आणि जून-जुलैत गढूळ पाणी आलं की त्याचा वास तर हंड्यातसुद्धा येतो. पिण्याच्या पाण्यात तो पाहिजेच, माणसासाठी तो जीव वाचवणारा आहे, पण माशाचे कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया मरतात. ज्या वॉर्डात चोवीस तास पाणी आहे त्यांना वाटतं आपलं पाणी जास्त चांगलं, पण मासे पाळायच्या दृष्टीनं त्यांनी जास्त जपायला पाहिजे, कारण ते पाणी मध्ये कुठं साठून न राहता लाइनमधनं सरळ नळाला येतं. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन निदान थोडा तरी उडून गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. मोठ्या तोंडाचा ड्रम किंवा टब घ्या, पाणी भरून झाकण न लावता चोवीस तास ठेवा, एअर पंपाची एक नळी सोडून ठेवली तर आणखी लवकर होतं. बंद सिंटेक्समध्ये ठेवलेलं याच्यात धरायचं नाही, तिथं हवा खेळत नाही. वेळ नसेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच खडे. १०० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटर पाण्याला त्यातलं १ मिली पुरतं. पावसाळ्यात वास जास्त येत असला तर दुप्पट घातलं तरी चालतंय. आधी बादलीत घालून ढवळायचं, मग टँकमध्ये, थेट टँकमध्ये ओतायचं नाही. खेड्यात पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ते विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी पण हेच करायचं, विहिरीचं आहे म्हणून गाफील राहू नका. आणि तापमान बघा ओ. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी आंघोळीला पण सोसत नाही आणि डिसेंबरात सकाळी बर्फ. हात घालून दोन्ही पाणी सारखं लागलं पाहिजे.

बोअर आणि विहिरीच्या पाण्याचा विषय मोठा आहे, पण "पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी मासे मेले" याचं खरं कारण बऱ्याचदा इथंच असतं.

आपल्या जिल्ह्यात दोन तऱ्हेचं पाणी आहे असं ढोबळमानानं धरा. बेळगाव-खानापूरकडं तांबडी माती, जांभा दगड, पाऊस भरपूर, तिथलं विहिरीचं पाणी बहुतेक मऊ, साबणाला भरपूर फेस येतो. उत्तरेकडं-पूर्वेकडं चिकोडी, अथणी, गोकाक, सौंदत्ती, काळी माती, बोअरचं पाणी जड, बादलीच्या काठाला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षात खराब. पण बेळगाव शहरातसुद्धा एका गल्लीत बोअर मऊ आणि पलीकडच्या गल्लीत जड असं होतं, त्यामुळं अंदाजावर जाऊ नका, आपलं आपण तपासा.

जड पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतंय की क्षाराकडं ते सांगणारा आकडा, बहुतेक वर असतो, आणि अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर, साडेआठला पंधराच्या आसपास. म्हणजे टेस्टमध्ये आकडा तोच आला तरी अथणीच्या बोअरच्या पाण्यात मासा मरेल आणि खानापूरच्या विहिरीच्या पाण्यात तग धरेल. जड पाणीवाल्यांनी खाणं कमी आणि मासे कमी, याला दुसरा इलाज नाही. पीएच उतरवायला लिंबू, व्हिनेगर असलं काही घालू नका, जड पाण्यात तो दोन दिवसांत परत वर जातो आणि माशाला खालीवर झालेलं अजिबात सोसत नाही.

मऊ पाण्यात उलटं होतं, आणि हे फसवं आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते झेलायला पाण्यात कार्बोनेट लागतं, त्यालाच केएच म्हणतात. मऊ पाण्यात ते मुळातच थोडं, ते संपलं की पीएच घसरत जातो, सहाच्या आसपास आला की बॅक्टेरियांचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साठायला लागतो, पण पीएच कमी असल्यामुळं तो विषारी रूपात नसतो, मासे हिंडताफिरताना दिसतात, घरातले खूश. मग एक दिवस तुम्ही सगळं पाणी काढायला घेता, वेळ झाला म्हणून निम्म्यावर थांबता आणि वरून पीएच साडेसात-आठचं ताजं पाणी भरता. जुन्या पाण्यातला साठलेला अमोनिया एका मिनिटात विषारी होतो. दुसऱ्या दिवशी मासे मेलेले, आणि दोष जातो नव्या पाण्याला. म्हणून बरेच महिने पाणी बदललं नसेल तर एकदम निम्मं बदलू नका, दहा-दहा टक्के, एक दिवसाआड, पीएच बघत बघत.

मऊ पाण्याला स्वस्तातला उपाय घरातच आहे. गोव्याकडनं येणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आपल्याकडं बरेच जण खातात, त्याचे शिंपले टाकू नका. मांस पूर्ण काढून उकळवा, घासा, उन्हात वाळवा, मूठभर फोडून जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये पाणी वाहतंय तिथं ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पीएच घसरायला लागला की तो आपसूक विरघळतो आणि पुरेसं झालं की सावकाश होतो. पीएच पावडरीच्या पुड्यांपेक्षा हे शंभर पटीनं चांगलं. जड पाणीवाल्यांनी मात्र यातलं काही घालू नका, शोभेचे मोठे शंख-शिंपले पण नकोत.

टेस्ट किट घ्याच. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढं पुरे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, थोडं चालतं असं काही नसतं. नायट्रेट ४० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली ठेवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या उसाच्या पट्ट्यातल्या लोकांनी नळाचं किंवा विहिरीचं पाणी पण एकदा तपासा, खताचं पाणी विहिरीत मुरतं, टँकमध्ये पडायच्या आधीच त्यात नायट्रेट असू शकतं, आणि मग तुम्ही कितीही पाणी बदललं तरी आकडा खाली येत नाही.

आता हे वाचताना ज्यांचे मासे या क्षणी वर आलेत त्यांच्यासाठी. खाणं बंद, दोन दिवस काहीही घालू नका, मासा उपाशी मरत नाही. एअर पंप पूर्ण सोडा. क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवलेलं पाणी घेऊन पाव ते एक तृतीयांश बदला, उद्या परत तेवढंच. वर सांगितलेल्या जुन्या, बरेच महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये मात्र आधी पीएच बघा आणि दहा टक्क्यांवरच थांबा. नायट्राइट दिसलं तर लिटरला १ ग्रॅम खडा मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून सावकाश घाला, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातनं आत जाऊ देत नाही. झाडं भरपूर असतील किंवा कोरीडोरास (तळाला फिरणारे छोटे मासे) असतील तर मिठाचं प्रमाण अर्ध्यावर ठेवा. खडे, फिल्टर, काच, कशालाही हात लावायचा नाही. पाणी पांढरं राहू दे, आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतं, ते बघवत नाही म्हणून धुवायला जाऊ नका.

आणि ते निळं औषध घालू नका. दुकानात गेलं, मासे मरायलेत म्हटलं, की निळी बाटली हातात येते. मेथिलीन ब्लू वाईट नाही, अंड्यांना बुरशी आली किंवा आजारी मासा वेगळ्या टबात ठेवला तर उपयोगी आहे, पण मोठ्या टँकमध्ये घातलं की फिल्टरमधले बॅक्टेरियाच मारतं. मासे अमोनियानं मरायलेत आणि अमोनिया खाणाऱ्यालाच आपण मारायलोय असं होतं.

पुन्हा वस्ती बसवायला सगळ्यात लवकरचा मार्ग म्हणजे मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरातला स्पंज. त्याच्याच टँकच्या पाण्यात भिजवून पिशवीत घालून आणा, वाळू देऊ नका, आल्या आल्या आपल्या फिल्टरमध्ये बसवा. टॉप फिल्टरमध्ये नुसती वूल असेल तर खाली सिरॅमिक रिंग घाला, ते परवडत नसेल तर भांडी घासायचे नवीन कोरे प्लास्टिकचे स्क्रबर सुद्धा चालतात, स्टीलचे नकोत.

यानंतरही पाणी टिकत नसेल तर मासे मोजा. इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६१, झाले लिटर. २४ बाय १२ बाय १२ चा टँक काठोकाठ ५६ लिटरचा, खडे टाकून वर दोन बोटं सोडली की खरं पाणी ४५ च्या आसपास. त्यात चार गोल्डफिश म्हणजे फिल्टर कितीही चांगला असू दे, ते गणितच बसत नाही, एक गोल्डफिश वाढून पूर्ण मोठा झाला की त्या एकट्यालाच तो टँक कमी पडतो. काकांनी दोन मासे पुतण्याच्या मोठ्या टाकीत दिले, उरलेले दोन पण मोठे झाले की जाणार आहेत, तोवर आठवड्यातनं दोनदा पाणी बदलतात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातनं एकदा. सणासुदीला पाहुणे आले की पोरं मुठीनं घालतात, चुरमुरे, पोळीचे तुकडे, बिस्कीट, त्या दिवसांत डबा कपाटात ठेवा.

बाकीचे रंग थोडक्यात. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, खिडकीचं ऊन आणि दिवसभर चालू लाइट, टँक हलवा, लाइट सात-आठ तासांवर आणा. चहासारखं पाणी टँकमध्ये शोभेला ठेवलेल्या नवीन लाकडाचं, त्यानं काही होत नाही. पावसाळ्यात नळालाच गढूळ आलं तर ड्रममध्ये बसू द्या, वरचं वरचं घ्या, टँकमध्ये तुरटी फिरवू नका, तुरटी आधीच थोडं असलेलं कार्बोनेट खाऊन टाकते.

राहिला करंट. खानापूरकडं पावसात झाड पडलं की रात्रभर जातोय. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवाच, इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचा पिन त्याच्यावर काढून घ्या, चार-पाच वॅटनं त्याला काही होत नाही. स्पंज फिल्टर असेल तर तोच पंप फिल्टर पण चालू ठेवतो, म्हणून आपल्या भागात मी कुणालाही आधी स्पंज फिल्टरच सांगतो. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि करंट चार-पाच तासांच्या वर गेला असेल तर आल्या आल्या तसाच चालू करू नका, आधी डबा उघडा, आतलं पाणी ओतून द्या, टँकच्या पाण्यानं रिंग हलवून घ्या, आणि मगच लावा.